काउंटीच्या तुरुंगावर नागरिकांची नजर : सँटा क्लारा काउंटीतील नव्या रहिवाशांसाठी मार्गदर्शन

कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरात वेस्ट हेडिंग स्ट्रीटवर ७० क्रमांकाच्या इमारतीत सँटा क्लारा काउंटीचा कारभार पाहणारे पर्यवेक्षक मंडळ, म्हणजे बोर्ड ऑफ सुपरवायझर्स, सभा भरवते आणि त्याच रस्त्यावर १५० क्रमांकाला काउंटीचा मुख्य तुरुंग, मेन जेल, आहे. सभागृहातून निघून तुरुंगाच्या दारापर्यंत चालत जाण्यास काही मिनिटे पुरतात. तुरुंगात घडलेली गोष्ट त्या सभागृहात पोहोचण्यास मात्र कधी कधी वर्षे लागली आहेत. हे अंतर कमी करण्याचे काम पाच पर्यवेक्षक, एक निवडून आलेले शेरीफ, एक स्वतंत्र देखरेख कार्यालय, ग्रँड ज्युरी (सामान्य नागरिकांचे चौकशी मंडळ) आणि राज्याचे तपासनीस यांच्यात वाटलेले आहे, आणि त्या सगळ्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार काउंटीत राहणाऱ्या प्रत्येकाला आहे. सनीव्हेल, कुपर्टिनो, मिल्पिटास या शहरांत नव्याने आलेली मराठी माणसे शाळेच्या बैठकांना आवर्जून जातात, पाण्याच्या दरांवरही बोलतात, पण तुरुंग हा विषय आपला नाही असे बहुतेकांना वाटते. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. मिल्पिटासच्या ग्रेट मॉलला जाताना एबल स्ट्रीटवर लागणारी एल्मवुडची लांबच लांब वसाहत हा काउंटीचा दुसरा तुरुंग आहे, हे कळेपर्यंत मी तिच्यावरून कितीतरी वेळा गेलो होतो.

तुरुंग कोणाचा, हे आधी ओळखावे

आपण ज्या काउंटीत राहतो तिचा तुरुंग कोणता, हे प्रथम निश्चित करावे. फ्रीमाँटमध्ये राहणाऱ्यांची काउंटी अलामेडा आहे आणि तिचा तुरुंग डब्लिन येथील सँटा रीटा हा आहे. तेथून पाच-दहा मैलांवर मिल्पिटासमध्ये राहणाऱ्यांची काउंटी सँटा क्लारा. अटक शहराचे पोलीस करतात, पण आरोपीला ठेवले जाते ते काउंटीच्या तुरुंगात. आपल्याकडे ज्यांना कच्चे कैदी म्हणतात, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालायचा आहे आणि कायद्याच्या दृष्टीने जे निर्दोष आहेत, अशा लोकांचे येथील प्रमाण मोठे असते. दीर्घ शिक्षेचे कैदी राज्याच्या वेगळ्या तुरुंगांत जातात. मात्र २०११ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा बदलल्यापासून कमी गंभीर गुन्ह्यांतील काही शिक्षाही काउंटीच्या तुरुंगातच भोगाव्या लागतात, त्यामुळे थोड्या दिवसांच्या वास्तव्यासाठी बांधलेल्या इमारतींत माणसे वर्ष-दोन वर्षे राहू लागली.

महाराष्ट्रातून आलेल्या वाचकाची येथे एक गफलत होऊ शकते. आपल्याकडे येरवडा असो की आर्थर रोड, तुरुंग राज्याच्या गृह विभागाखाली चालतो आणि जिल्हा परिषदेचा त्याच्याशी संबंध नसतो. येथे ही जबाबदारी थेट काउंटीची, म्हणजे साधारण जिल्ह्याएवढ्या घटकाची आहे. तसेच शेरीफ म्हटले की आपल्याला मुंबईचे नगरपाल आठवतात. ते पद मानाचे असते आणि त्यावर नेमणूक होते. कॅलिफोर्नियातील शेरीफ मतदारांनी निवडून दिलेले, शस्त्रधारी दलाचे प्रमुख असतात आणि बहुतेक काउंट्यांमध्ये तुरुंगही तेच चालवतात.

मंडळाचा हात कुठपर्यंत पोहोचतो

सर्वाधिक गोंधळ याच मुद्द्यावर होतो, आणि तो सुटल्याशिवाय सभेत जाऊन बोलण्याचा फारसा उपयोग होत नाही. पर्यवेक्षक मंडळ शेरीफांचे वरिष्ठ नाही. ते शेरीफांना नोकरीवरून काढू शकत नाही आणि एखाद्या गुन्ह्याचा तपास कसा करावा हेही सांगू शकत नाही, कारण शेरीफांचे पद कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेनेच निवडणुकीचे ठरवले आहे. राज्याचा कायदा मंडळाला काउंटीच्या सर्व अधिकाऱ्यांच्या कामकाजावर देखरेख ठेवण्याचा अधिकार देतो आणि त्याच कलमात शेरीफांच्या तपासकामात अडथळा आणू नये असेही बजावतो. या दोन वाक्यांमधल्या जागेत मंडळाच्या हातात चार गोष्टी उरतात: पैसा, वैद्यकीय सेवा, स्वतंत्र तपासणी आणि जाहीर प्रश्न.

त्यांतील वैद्यकीय सेवा नव्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. सँटा क्लारा काउंटीत तुरुंगातील डॉक्टर, परिचारिका आणि मानसोपचार पुरवण्याचे काम शेरीफांच्या दलाकडे किंवा खासगी कंपनीकडे नसून काउंटीच्याच आरोग्य यंत्रणेकडे आहे. म्हणून एखाद्या बंद्याला औषध वेळेवर मिळाले नाही, तर तो प्रश्न मंडळाला थेट विचारता येतो आणि 'हे शेरीफांच्या अखत्यारीत आहे' असे उत्तर मिळाल्यास ते स्वीकारू नये.

ही रचना येथे कशी उभी राहिली, हे थोडक्यात माहीत असावे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडळाने तुरुंगाचा कारभार शेरीफांकडून काढून वेगळ्या सुधारगृह विभागाकडे दिला होता. २०१० मध्ये तो प्रत्यक्षात पुन्हा शेरीफांकडे गेला. त्यानंतर २०१५ च्या ऑगस्टमध्ये मेन जेलमध्ये मानसिक आजार असलेल्या एका बंद्याचा मारहाणीत मृत्यू झाला आणि तिघा तुरुंगरक्षकांवर खुनाचा खटला चालला. उपचार केंद्रात जागा मिळेपर्यंत त्या माणसाला तुरुंगात ठेवले होते, ही गोष्ट मला आजही विसरता येत नाही. मंडळाने निवृत्त न्यायाधीश लाडोरिस कॉर्डेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, आयोगाने नागरी देखरेखीची शिफारस केली, आणि २०१८ मध्ये मंडळाने ऑफिस ऑफ करेक्शन अँड लॉ एन्फोर्समेंट मॉनिटरिंग हे स्वतंत्र कार्यालय स्थापन केले. हे कार्यालय तुरुंगाच्या नियमांचा आणि तक्रारींच्या हाताळणीचा अभ्यास करून मंडळापुढे अहवाल ठेवते, आणि रहिवाशांची एक समिती त्याच्या जोडीला आहे.

परंतु कार्यालय स्थापन झाले म्हणून कागद हातात येतात असे नाही. तत्कालीन शेरीफ लॉरी स्मिथ यांच्याविरुद्ध मंडळाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये अविश्वास व्यक्त केला, पण त्याने पद जाऊ शकत नव्हते. डिसेंबरमध्ये ग्रँड ज्युरीने औपचारिक आरोप ठेवले. त्यांतील बहुतेक आरोप बंदुकीच्या परवान्यांतील गैरप्रकारांचे होते, आणि तुरुंगातील एका गंभीर दुखापतीच्या चौकशीत देखरेख कार्यालयाशी सहकार्य न केल्याचाही एक आरोप होता. त्यांनी ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस राजीनामा दिला आणि नोव्हेंबरमध्ये ज्युरीने त्यांना भ्रष्टाचाराच्या अनेक आरोपांत दोषी ठरवले. दरम्यान राज्यानेही कायदा केला: १ जानेवारी २०२१ पासून कोणत्याही काउंटीला शेरीफांवर देखरेख ठेवणारे मंडळ किंवा महानिरीक्षक नेमता येतो आणि त्यांना समन्स काढून कागद व साक्षीदार मागवता येतात.

सभेची तयारी

मंडळाची सभा ही सुरुवात करण्याची सर्वांत सोपी जागा आहे. ब्राउन कायद्यानुसार, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या खुल्या सभांच्या कायद्यानुसार, नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी जाहीर करावी लागते आणि नागरिकांना बोलण्याची संधी द्यावी लागते. सभेला येण्यासाठी नाव किंवा पत्ता नोंदवण्याची सक्ती करता येत नाही, आणि नागरिकत्वाची तर अटच नाही. कामाच्या व्हिसावर असलेले, आई-वडिलांना भेटायला आलेले, काल राहायला आलेले, कोणीही तेथे बसू आणि बोलू शकते.

विषयपत्रिका शंभरेक विषयांची असू शकते. ती पहिल्यापासून वाचू नये. शेरीफ, सुधारगृह, कोठडीतील आरोग्यसेवा आणि देखरेख कार्यालय हे चार शब्दप्रयोग घेऊन शोध घ्यावा, आणि 'कन्सेंट कॅलेंडर' हा भाग विशेष लक्षपूर्वक पाहावा. त्या भागातील विषय चर्चा न करता एका मतदानात मंजूर होतात. तुरुंगाच्या उपाहारगृहाच्या पुरवठादाराचे कंत्राट, बंद्यांच्या दूरध्वनी सेवेची मुदतवाढ, एखाद्या मृत्यूप्रकरणातील भरपाई, असे विषय तेथे सहज निघून जाऊ शकतात. अशा एखाद्या विषयावर चर्चा हवी असेल, तर आपल्या भागाच्या पर्यवेक्षकांच्या कार्यालयाला एक-दोन दिवस आधी लिहून तो विषय वेगळा काढण्याची विनंती करावी.

बोलण्यासाठी गर्दीनुसार एक किंवा दोन मिनिटे मिळतात. पहिल्या वेळी मी चार पाने लिहून नेली होती आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर वेळ संपली. त्यानंतर मी एक पद्धत ठरवली, ती सुचवतो: पहिल्या वाक्यात विषयपत्रिकेतील क्रमांक सांगावा, दुसऱ्यात नेमका प्रश्न, तिसऱ्यात त्याचे उत्तर कोणाकडून आणि कधीपर्यंत हवे ते. उरलेल्या वेळात एखादे उदाहरण द्यावे, पण कोणत्याही बंद्याचे नाव, आजार किंवा खटल्याचा तपशील त्याच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या परवानगीशिवाय उच्चारू नये. सभेचे चित्रण जाहीर असते आणि कच्च्या कैद्याला आपल्या बोलण्याचा त्रास होऊ शकतो. मंडळाच्या पूर्ण सभेपेक्षा पब्लिक सेफ्टी अँड जस्टिस समितीच्या बैठकीत बोलणे मला अधिक उपयुक्त वाटते, कारण तेथे लोक कमी असतात, अधिकारी समोर बसलेले असतात आणि पर्यवेक्षक तेथल्या तेथे उलट प्रश्न विचारतात.

अहवाल वाचताना

तुरुंगाची तपासणी करणारे अनेक आहेत. राज्याचे बोर्ड ऑफ स्टेट अँड कम्युनिटी करेक्शन्स किमान दोन वर्षांतून एकदा तपासणी करते आणि राज्याच्या किमान निकषांशी तुलना करते. काउंटीचे आरोग्य अधिकारी दरवर्षी तपासणी करतात. याशिवाय प्रत्येक काउंटीत सामान्य नागरिकांची, सहसा १९ जणांची, दिवाणी ग्रँड ज्युरी असते (लॉस एंजेलिसमध्ये २३ जणांची), आणि तिने काउंटीतील तुरुंगांची स्थिती व व्यवस्थापन यांची दरवर्षी चौकशी केलीच पाहिजे असा कायदा आहे.

राज्याच्या तपासणीचा अहवाल हातात आल्यावर प्रथम फेऱ्यांची नोंद पाहावी. निकषांनुसार रक्षकाने तासातून किमान एकदा प्रत्येक बंद्याला प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले पाहिजे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहणे पुरत नाही. हा नियम ऐकायला किरकोळ वाटतो, पण आत्महत्या, मादक पदार्थांचा अतिरेक, झटका यांसारख्या प्रसंगांत माणूस वाचतो की नाही हे कित्येकदा त्या एका फेरीवर ठरते. फेऱ्यांमध्ये साठ मिनिटांहून अधिक अंतर पडल्याचे तपासनीसांनी नोंदवले असेल, तर ते कोणत्या पाळीत आणि कोणत्या मजल्यावर पडले हे विचारावे, कारण मनुष्यबळ कुठे अपुरे आहे हे त्यावरून उघड होते. त्यानंतर व्यायामाची नोंद: आठवड्यात किमान तीन तास. मग तक्रारींची संख्या, आणि त्यांतील किती तक्रारी मान्य झाल्या.

ग्रँड ज्युरीच्या अहवालापेक्षा त्याला आलेले उत्तर जास्त महत्त्वाचे असते, आणि नवा वाचक नेमका तेच वाचत नाही. कायद्याप्रमाणे निवडून आलेल्या अधिकाऱ्याने, म्हणजे शेरीफांनी, ६० दिवसांत आणि मंडळाने ९० दिवसांत लेखी उत्तर दिले पाहिजे. प्रत्येक निष्कर्षाबाबत मान्य आहे की पूर्णतः वा अंशतः अमान्य आहे हे सांगावे लागते. प्रत्येक शिफारशीबाबत चारच उत्तरे चालतात: अंमलबजावणी झाली आहे; अमुक मुदतीत होणार आहे; अधिक अभ्यास हवा आहे, पण तो सहा महिन्यांच्या आत; किंवा होणार नाही, आणि त्याचे कारण असे आहे. 'अंमलबजावणी झाली आहे' असे लिहिले असेल तर त्या अंमलबजावणीचा पुरावा मागावा. 'होणार आहे' असे असेल तर तारीख आहे का ते पाहावे. तारीख नसलेले उत्तर अपुरे आहे आणि तसे मंडळाला सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. 'अधिक अभ्यास' या उत्तरावर मी नेहमी खूण करतो, कारण सहा महिन्यांनी त्या अभ्यासाबद्दल विचारणारे कोणी नसेल तर ती शिफारस फाइलीत पडून राहते.

तुरुंगातील मृत्यूंसाठी वेगळी सोय आहे. २०२३ पासून कोठडीत मृत्यू झाल्यास सामान्यतः दहा दिवसांच्या आत त्याची माहिती त्या यंत्रणेच्या संकेतस्थळावर जाहीर करावी लागते: नाव, वय, दिनांक, ठिकाण, त्या व्यक्तीवरील खटल्याची स्थिती आणि मृत्यूचे स्वरूप. जुलै २०२४ पासून राज्याने कोठडीतील मृत्यूंचा आढावा घेण्यासाठी स्वतंत्र संचालकपदही निर्माण केले आहे. या नोंदी दर महिन्याला पाहण्याची सवय लावावी. त्या वाचायला जड जातात, तरी वाचाव्यात.

कागद मागवणे

जे प्रसिद्ध झालेले नाही ते मागवता येते. माहितीच्या अधिकाराची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे काम परके वाटणार नाही, मात्र फरक ध्यानात ठेवावेत. भारतात माहिती मागण्यासाठी नागरिक असावे लागते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली कोणतीही व्यक्ती मागणी करू शकते. दहा दिवसांत मिळते ते अभिलेख देणार की नाही याचे उत्तर, प्रत्यक्ष कागद नव्हेत, आणि ती मुदतही काही कारणांसाठी चौदा दिवसांनी वाढू शकते. मागणीचे कारण सांगण्याची गरज नाही. शुल्क सहसा फक्त प्रती काढण्याच्या खर्चाचे असते.

मागणी अरुंद ठेवावी. 'तुरुंगातील गैरव्यवहारांची सर्व कागदपत्रे' असे लिहिल्यास महिनोन् महिने जातात. 'एल्मवुडमधील अमुक महिन्याच्या सुरक्षा फेऱ्यांचा गोषवारा' असे लिहिल्यास उत्तर लवकर येते. नकार आल्यास तो कोणत्या कलमाखाली दिला हे लेखी मागावे.

पैशाचा माग

काउंटीचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. शिफारस केलेला अर्थसंकल्प वसंत ऋतूच्या अखेरीस येतो आणि जूनमध्ये त्यावर जाहीर सुनावण्या होतात. त्यात तुरुंगाचा खर्च 'शेरीफ' आणि 'सुधारगृह विभाग' अशा दोन्ही नावांखाली, आणि आरोग्याचा खर्च तिसरीकडेच शोधावा लागतो. मंजूर पदे किती, रिकामी किती आणि जादा कामाच्या वेतनावर किती खर्च झाला, हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडले की फेऱ्या का चुकतात याचे उत्तर अनेकदा तेथेच मिळते.

बंदी कल्याण निधी हा लहान पण बोलका हिशेब आहे. तुरुंगाच्या कॅन्टीनमधून होणारा नफा, आणि दूरध्वनी कंपनीकडून काही रक्कम येत असेल तर तीही, या निधीत जमा होते, म्हणजे तो पैसा मुख्यतः बंद्यांच्या घरच्यांच्या खिशातून आलेला असतो. त्याचा तपशीलवार वार्षिक अहवाल शेरीफांनी मंडळाला द्यावा लागतो. शिक्षणावर किती, समुपदेशनावर किती आणि कर्मचाऱ्यांच्या पगारावर किती, हे त्यात पाहावे. माझ्या मते नव्या माणसाने हाती घ्यायचा पहिला विषय हाच असावा: कागद थोडे, भाषा सोपी, आणि प्रश्न सरळ.

स्थलांतरितांच्या दृष्टीने आणखी एक सभा महत्त्वाची आहे. शेरीफांच्या यंत्रणेने मागील वर्षी केंद्राच्या इमिग्रेशन अधिकाऱ्यांना एखाद्या बंद्यापर्यंत पोहोचू दिले असेल, तर मंडळाने वर्षातून किमान एक जाहीर मंच भरवून त्याची माहिती दिली पाहिजे असा राज्याचा कायदा आहे. तो भरवला गेला का, एवढे विचारणेही उपयोगाचे ठरते.

नागरिकत्व मिळालेल्यांना पुढचा मार्ग खुला होतो: किमान १८ वर्षे वय आणि काउंटीत एक वर्षाचे वास्तव्य असेल तर ग्रँड ज्युरीसाठी अर्ज करता येतो, आणि निवड झाल्यास तुरुंगाच्या आत जाऊन पाहता येते. बाकीच्यांनी एकच शिफारस निवडावी, तिच्या उत्तरातील तारीख दिनदर्शिकेत लिहावी, आणि त्या दिवशी आपल्या पर्यवेक्षकांना व मंडळाच्या लिपिकांना असे पत्र पाठवावे: 'ग्रँड ज्युरीच्या अमुक अहवालातील अमुक क्रमांकाच्या शिफारशीवर आपण अमुक तारखेपर्यंत अंमलबजावणी होईल असे लेखी कळवले होते. ती तारीख आज आहे. अंमलबजावणी झाली असल्यास त्याचा कागद पाठवावा, झाली नसल्यास हा विषय पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा.'